अर्धं असेल तर खाली

आमच्या उंब्रजच्या शाळेत माने सर पी.टी. शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर शिट्टी वाजवायचे. एक शिट्टी म्हणजे रांग, दोन म्हणजे पळा, आणि लांब ओढलेली शिट्टी म्हणजे "मनीषा, तू!" आज मी मलकापूरला औषधांचं दुकान चालवते, हाताखाली माणसं आहेत, गिऱ्हाइकांना दटावायचीही मला सवय आहे. पण रस्त्यावर कुणी लांब शिट्टी मारली, की माझी पाठ अजून आपोआप ताठ होते.

शाळेपेक्षा सरांचं मोठं नाव होतं ते कबड्डीचे पंच म्हणून. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत गावोगावच्या यात्रेत सामने असले की सरांना बोलावणं यायचं. खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, कडक इस्त्रीची पांढरी पँट आणि सदऱ्याच्या आत माळेसारखी घातलेली शिट्टी. ती शिट्टी ते अंघोळीलाही काढत नसत असं आम्ही पोरं म्हणायचो. पुढं त्यांच्या बायकोनं, म्हणजे शालनकाकूंनीच सांगितलं, की आमचं अगदी बरोबर होतं.

दिलेला निर्णय सरांनी कधी फिरवला नाही. मेढ्याच्या बाजूला एका गावानं चिडून त्यांना भर दुपारी तालमीच्या खोलीत कोंडलं आणि बाहेरून सांगितलं, "निर्णय फिरवा, मग कडी काढतो." सरांनी आतून विचारलं, "जेवायला काय आहे?" थोड्या वेळानं आतून घोरण्याचा आवाज यायला लागला तेव्हा लोकांनीच शरमून कडी काढली, आणि सरपंचांच्या घरी नेऊन त्यांना मटण वाढलं. निर्णय होता तोच राहिला.

सरांचं एक वाक्य होतं, "अर्धा गडी मैदानात नसतो. एक तर आत, नाही तर बाहेर." हे वाक्य त्यांनी कबड्डीपुरतं ठेवलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण सर ते जिथं तिथं लावायचे. परीक्षेत साडेसतरा गुण पडले, की सतरा. पालक भांडायला आले की म्हणायचे, "अर्धा गुण म्हणजे काय ते मला करून दाखवा." लग्नाचं आमंत्रण दिल्यावर कुणी "बघू, जमलं तर येतो" म्हटलं, की तिथंच उभे राहून विचारायचे, "म्हणजे धरायचं का नाही धरायचं?" तो माणूस चाचरला, की सर हातानं 'बाद'ची खूण करून पुढच्या घरी.

निवृत्त झाल्यावर सरांचे गुडघे गेले आणि मैदान सुटलं. एकदा गुडघ्याला बांधायचा पट्टा घ्यायला ते माझ्या दुकानात आले, तेव्हा माझ्या गल्ल्याशेजारी वीस बाजूंचा हिरवा फासा पडला होता.

"मने, हे काय गं? आवळा?"

"फासा आहे, सर. खेळातला."

"कसला खेळ?"

झालं. दुकानात गर्दी, एक आजी खोकल्याच्या औषधासाठी काउंटर बडवतायत, आणि मी सरांना रोलप्लेइंग गेम समजावतेय. हा खेळ मी पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा बरोबर आणला होता. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैद्य. एकानं गोष्ट सांगायची, की समोर गुहा आहे, आत राक्षस आहे, बोला, काय करता? आपण काय करतो ते सांगायचं, फासा टाकायचा, आणि पडेल त्या आकड्यावर पुढचं ठरतं. प्रत्येक पात्राला ठरावीक जीव असतात. घाव लागला की तेवढे कमी होतात, आणि संपले की पात्र मेलं. आम्ही तेव्हा तिघंच होतो. मी, मलकापुरात फॅब्रिकेशनचं दुकान असलेला सचिन, आणि गणिताच्या शिकवण्या घेणारी त्याची बायको प्राजक्ता. गोष्ट सांगायला चौथं माणूस मिळत नव्हतं म्हणून खेळ अडला होता.

सरांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "पंच कोण?"

"पंच नसतो, सर. गोष्ट सांगणाराच निकाल देतो. त्याला गेम मास्टर म्हणतात."

"म्हणजे पंचच की," सर म्हणाले. फाशाशेजारी ठेवलेलं खेळाच्या नियमांचं पुस्तक त्यांनी गुडघ्याच्या पट्ट्याबरोबर पिशवीत घातलं आणि निघून गेले. मी त्यांना गोष्ट सांगायला या म्हटलंच नव्हतं. पण पुढच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं उंब्रजला सरांच्या पुढच्या खोलीत हजर होतो, रांगेत बसलो होतो, आणि सरांनी शिट्टी मारली होती.

आता गोष्ट सांगण्यात सर अगदीच सुमार होते हो. "समोर गुहा आहे. आत राक्षस आहे. उंची सात फूट. वजन जास्त. चढाई कोण करणार?" बस्स, झालं वर्णन. पण नियमात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुस्तक त्यांनी आठवड्यात पाठ केलं होतं, आणि त्यातल्या एका नियमावर तर ते लुब्धच झाले होते. या खेळात पदोपदी निम्मं करायला लागतं. ढाल आडवी आली तर घाव निम्मा, विष अंगात असेल तर ताकद निम्मी. नवाचं निम्मं केलं की साडेचार येतात, मग ते चार धरायचे का पाच? पुस्तकात लिहिलं होतं, अर्धं उरलं तर खालचा आकडा धरावा.

"हे लिहिणारा माणूस पंच असणार," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं प्रेम मी कधी ऐकलं नव्हतं.

सचिनला ते पटलं नाही. सचिन वेल्डिंगवाला, त्याच्या धंद्यात जरा जास्तच माप घेतात, कारण लोखंड कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही. तो म्हणाला, "सर, घावाचं ऱ्हाऊ द्या, पण औषध तरी वर धरा की. साडेसात जीव परत मिळाले तर आठ द्या."

"मने," सर माझ्याकडं वळले, "तुझ्या दुकानात कुणी अर्धी गोळी मागितली तर अख्खी देतेस का?"

"अर्धी तोडून देते, सर."

"हां. गोळी तोडता येते. माणूस तोडता येत नाही. खाली!"

सचिन असा ऐकणारा नव्हता. त्या दिवशी प्राजक्ताच्या पात्रानं औषध घेतलं होतं आणि आकडा साडेसातावर अडकला होता. सचिन उभा राहून हात जोडून ओरडायला लागला, "सर, वर न्या! सर, पाया पडतो, माझ्या बायकोला वर न्या!" आणि सरांचा आवाज त्याच्या वर, "मी कुणाला वर नेणार नाही!"

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि शालनकाकू पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. "अगं बया! कोण वर गेलं? आवं, लेकरांचं वय हाय का वर जायचं?"

प्राजक्ता भज्याचा घास तोंडात तसाच धरून बसली होती. काकूंनी तिला चाचपून बघितलं, जिवंत असल्याची खात्री केली आणि मग तिथंच भिंतीला टेकून इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसापासून सरांनी आमच्या खेळात 'वर' या शब्दाला बंदी घातली. आणि काकूंनी पदराला हात पुसत सांगितलं, "सरका जरा. मलाबी दावा काय चाललंय ते."

काकूंनी वैद्याचं पात्र घेतलं आणि नाव ठेवलं गंगू. हत्यार कोणतं, असं सरांनी विचारल्यावर काकू म्हणाल्या, "पळी." पुस्तकात पळी नव्हती. सरांनी बराच वेळ पानं चाळली आणि तिची नोंद 'लहान गदा' अशी केली. पण गंगूनं पळीनं कधी कुणाला मारलंच नाही. पहिलाच राक्षस समोर आला तेव्हा आम्ही तिघं तलवारी काढून उभे, आणि काकू सरांना विचारतायत, "त्यो जेवलाय का?"

"कोण?"

"राक्षस हो. जेवलाय का इचारा की त्याला."

सरांनी पुस्तकात बघितलं. राक्षसाची उंची होती, ताकद होती, पण जेवणाचा उल्लेख नव्हता. शेवटी त्यांनी काकूंना फासा टाकायला लावला. काकूंनी टाकला आणि पडले वीस, सगळ्यात मोठा आकडा. सरांना पडत्या फाशाचा मान ठेवावाच लागला. राक्षस उपाशी निघाला. गंगूनं त्याला पिठलं-भाकरी वाढली, आणि पुढच्या तीन गुहा त्यानं आमचं सामान वाहिलं. सचिन म्हणाला, "काकू, तुमी पयल्यापास्नं असता तर माझा एकबी शिलेदार मेला नसता."

काकूंचं माहेर सांगलीचं. खेळ संपल्यावर मी त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात कपबश्या विसळायला जायची तेव्हा त्या माहेरचं बोलायच्या, आणि दर वेळी बोलणं येऊन थांबायचं ते आबांवर. आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. एके काळी गावच्या संघातला चढाईचा पहिला गडी. सरांचं लग्न नवं होतं तेव्हा सांगलीकडच्या एका यात्रेत अंतिम सामन्याला पंच होते सर, आणि शेवटची चढाई होती आबांची. आबा गडी मारून परत येत होते आणि कडेच्या रेषेपाशी त्यांचा पाय पडला. नियम असा, की रेषेपलीकडं जमिनीला पाय टेकला तर गडी बाद. सरांनी शिट्टी मारली, मेव्हण्याला बाद दिलं, आणि आबांचा संघ हरला. त्या दिवसापासून आबा सरांशी बोलले नाहीत आणि सर आबांच्या दारात गेले नाहीत. काकू भाऊबीजेला एकट्या जायच्या आणि एकट्याच परत यायच्या.

"इकडं ह्यांच्या तोंडात आबाचं नाव न्हाई, तिकडं त्याच्या तोंडात ह्यांचं न्हाई," काकू म्हणाल्या. "आन् आता आबा चाललाय बेंगळूरला, पोराकडं. दिवाळी झाली की घर आवरून कायमचा. मग कुठलं माहेर आन् काय. एकदा ह्या दोघास्नी एका पंगतीला बसल्यालं बघायचं हुतं गं मला. येवढंच."

मी म्हटलं, "सरांना सांगून बघा की." काकू म्हणाल्या, "निर्णय फिरत न्हाई म्हणत्यात." मग त्यांनी कपबश्या जरा जास्तच जोरात फडताळात ठेवल्या.

आणि पुढच्याच रविवारी दरीतला अजगर आला. आम्ही सगळे आधीच मार खाऊन बसलो होतो, गंगूचे पाचच जीव उरले होते. अजगरानं झेप घेतली ती नेमकी गंगूवर. घाव पडला नवाचा. सचिननं त्याच्या शिलेदाराची ढाल मध्ये घातली म्हणून घाव निम्मा झाला. सरांनी बोटांवर हिशोब केला, "नवाचं निम्मं साडेचार. पाचातनं साडेचार गेले, राहिला अर्धा जीव. अर्धा खाली." आणि शिट्टी. "गंगू बाद!"

काकूंना आधी कळलंच नाही. "बाद म्हंजी? मेली?"

"मेली."

"आवं, अर्धा जीव हाय की अजून."

"अर्धा जीव नसतो."

"नसतो कसा? तुमच्या घरात आल्यापास्नं मी अर्ध्या जिवानंच हाय की!"

सचिन फिसकन हसला आणि काकूंचा चेहरा बघून गप्प बसला. काकू खरंच दुखावल्या होत्या. तेवढ्यात प्राजक्ता, जी एवढा वेळ कागदावर काहीतरी आकडे मांडत होती, शिकवणीतल्या आवाजात म्हणाली, "सर, एक शंका आहे. खाली धरायचं ते घावाला की उरलेल्या जिवाला? आधी घाव खाली धरला तर साडेचाराचे चार. पाचातून चार गेले, एक जीव राहतो. गंगू जिवंत आहे."

सरांनी पुस्तक उघडलं. आम्ही चौघं त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. पुस्तकात स्पष्ट होतं, निम्मं केलेला आकडा लगेच खाली धरावा. म्हणजे घाव. सर पहिल्या दिवसापासून घाव तसाच साडेचार ठेवून उरलेला जीव खाली धरत आले होते, आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. सचिनचं तोंड उघडं पडलं. "म्हणजे सर, दर ढालीला आमचा एक-एक जीव फुकट गेला? माझा पयला शिलेदार उगाच मेला?"

सरांचे कान लाल झाले. त्यांनी पुस्तक मिटलं. "निर्णय झालाय," ते म्हणाले, "पुढच्या वेळेपासून घाव खाली धरू. दिलेला निर्णय फिरत नाही." काकू उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. तेव्हाच आम्ही ओळखायला पाहिजे होतं.

दोन-तीन दिवसांनी सर दुकानात आले. गाल आत गेलेले. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "मने, बिस्किटं असतील का गं? ती मारीची."

"सर, बरं नाही का?"

"बरं आहे. भूक आहे."

मग सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी साखर आहे म्हणून सरांना चहा अर्धाच कप सांगितला होता. सोमवारी सकाळी सर म्हणाले, "अर्धा कप दे." काकू म्हणाल्या, "अर्धा न्हाई मिळायचा. अर्धा खाली." आणि समोर आला रिकामा कप, बशीसकट, नीट पुसलेला. दुपारी सरांची दीड भाकरी असते. आली एक. आमटी सर अर्धी वाटी घेतात, तर ताटात वाटी रिकामी, पण जागच्या जागी, लिंबाच्या फोडीशेजारी मांडलेली. भात अर्धी मूद घेतात, म्हणून भाताच्या जागी मोकळं ताट. तूप मात्र काकूंनी त्या मोकळ्या जागेवर रीतसर वाढलं होतं.

"मग अख्खा मागा की, सर!" मी म्हटलं.

"अख्खा चहा डॉक्टरांनी बंद केलाय. दीडच्या दोन भाकऱ्या मागितल्या तर म्हणते, वर धरायचं तुमच्यात चालतं व्हय?" सरांनी बिस्कीट पाण्यात बुडवलं. "पकडच अशी केलीय, की रेषेला हात पोचत नाही. नियम माझाच आहे गं." आणि तुम्हाला खरं सांगते, त्या उपाशी माणसाच्या चेहऱ्यावर बायकोचं कौतुक होतं.

मी त्यांना म्हटलं, "सर, एक निर्णय फिरवला तर काय आभाळ कोसळतंय?" त्यावर त्यांनी दुसरं बिस्कीट पाण्यात बुडवलं. मग म्हणाले, "एक फिरवला की लोक दुसरा फिरवायला सांगतात." बिस्किटांचा पुडा पँटच्या खिशात लपवून ते गेले. पँटची इस्त्री मोडेल याचंही त्यांना त्या दिवशी भान नव्हतं.

रविवारी आम्ही जरा भीतभीतच गेलो. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात लसूण आणि समोर सुपली, म्हणजे मी इथं खेळायला बसलेली नाही हे सगळ्यांना दिसावं. सर उभे राहिले. बूट पांढरेफेक. सदऱ्यातून शिट्टी काढली, वाजवली, आणि भरल्या मैदानात सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "मागल्या रविवारचा निर्णय पंचांनी चुकीचा दिला. खाली धरायचं ते घावाला होतं, जिवाला नव्हतं. पंचांची चूक. गंगू जिवंत आहे. एक जीव."

सचिननं टाळ्याच वाजवल्या. प्राजक्तानं काकूंना मिठी मारली. काकूंनी लसणाची पाकळी सोलून सुपलीत टाकली आणि म्हणाल्या, "मला न्हाई पायजे."

"काय नको?"

"गंगू. ती मेली ती मेली. मी दुसरी घिईन, रगड हायत्या. तुमाला निर्णय फिरवता येतो का येवढंच मला बघायचं हुतं." मग त्यांनी पहिल्यांदा सरांच्या डोळ्यांत बघितलं. "आता त्यो फिरवा."

कुठला ते कुणाला विचारावं लागलं नाही. सर खाली बसले. केवढा मोठा माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला. "शालन, तो निर्णय बरोबर होता."

"मग आबाला जाऊन तसं सांगा. बरोबर हुता म्हणा, चुकला म्हणा, भांडा, काय बी करा. पर जावा. सामान सगळं बांधलंय त्यानं. पुढल्या ऐतवारी घराला कुलूप."

सर म्हणाले, "बघू."

"बघू म्हंजी?" काकूंचा आवाज असा चढला, की मी आणि सचिन दोघंही सावरून बसलो. "धरायचं का न्हाई धरायचं?"

मेव्हण्याकडं जायचं म्हटल्यावर सरांची जी अवस्था झाली ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, कारण गाडी माझी होती. सर पुढं बसले, काकू मागं डबा मांडीवर घेऊन. पेठ नाका आला, सर म्हणाले, "चहा घेऊ." आष्टा आलं, सर म्हणाले, "पाय मोकळे करू." सांगलीच्या अलीकडं त्यांना रस्त्यावर एक रसवंती दिसली तर म्हणतात, "मने, तुला उसाचा रस आवडतो ना?" मला उसाचा रस आवडत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. मागून काकू म्हणाल्या, "गाडी आता थांबली तर मी उतरून चालत जाईन." मग मी थांबवली नाही.

आबांच्या घरात गाठोडीच गाठोडी. सोप्यात एका बांधलेल्या गादीवर आबा बसले होते. पैलवानी अंगाचा, आता थकलेला माणूस, मिशा मात्र अजून ताठ. त्यांनी बहिणीला "ये" म्हटलं, मला "या, बसा" म्हटलं, आणि सरांच्या डोक्यावरून पलीकडं रस्त्याकडं बघत राहिले. सर उंबऱ्याबाहेरच उभे. आत या कुणी म्हणेना आणि न बोलावता ते येईनात.

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं सगळं, आता असेच परत जाणार.

तेवढ्यात सर बोलायला लागले, उंबऱ्याबाहेरूनच. "आबा, मला त्या दिवशी नीट दिसलंच नाही. धूळ उडाली होती. अर्धा पाय आत दिसला, अर्धा बाहेर. दुसरा कोण गडी असता तर मी खेळू दिलं असतं. पण तुमी माझं मेव्हणं. आत धरलं असतं तर सगळी यात्रा म्हणाली असती, पाव्हण्याला झुकतं माप दिलं. म्हणून मी खाली धरलं. भ्यालो, आबा. तेव्हापास्नं प्रत्येक अर्ध्याला मी खालीच धरत आलो, म्हंजी तुमाला एकट्यालाच तसं केलं असं व्हऊ नये."

मी सरांना शाळेपासून ओळखत होते आणि हे मला माहीत नव्हतं. काकूंनाही नसावं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

आबा सावकाश सरांकडं वळले. "अर्धा पाय?" ते म्हणाले. "दाजी, अर्धा कसला? अख्खा पाय बाहेर हुता. टाचसुदीक. मला काय ठावं न्हाई व्हय, पाय माझाच हुता की!"

सरांनी दाराची चौकट धरली. "मग... मग राग कसला?"

"राग!" आबा गादीवरून उठलेच. "बाद दिलं त्याचा राग कोण धरतंय? खेळणारा माणूस हाय मी. त्या दिशी आईनं जावयासाठी पुरणाचा सैपाक केला हुता. ताटं मांडली. मी सोता अंघोळ करून, कापडं बदलून तुमची वाट बघत बसलो. आन् तुमी मैदानातनंच यष्टी धरून पळाला. आई ताटापुढं बसून ऱ्हायली. जावय उपाशी गेला म्हणून दोन दिस जेवली न्हाई ती. त्याचा राग!"

"मला वाटलं, तुमी मला दारात उभं करणार नाही."

"आलाच न्हाई, तर उभं करू कसं?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "आन् हे येक वाक्य सांगाया तुला इतकी वर्सं लागली, आबा? मी दर भाऊबीजेला येत न्हवते का?"

"तू इचारलंस कवा?" आबा म्हणाले. "तूबी येऊन रडायचीस आन् जायाचीस."

त्यावर काकू खरंच रडल्या, आणि रडता रडताच त्यांनी डबा उघडला. पुरणपोळ्या होत्या. आबांनी सरांचा दंड धरून, चढाईच्या गड्याला आत ओढावं तसं त्यांना उंबऱ्याच्या आत ओढलं. सर आले. भिंतीला धरून उभे राहिले आणि त्यांनी चष्मा काढून खूप वेळ पुसला.

मला दुकान होतं. मी जेवायला थांबत नाही म्हटल्यावर काकू रागावल्या, मग चार पोळ्या फडक्यात बांधून दिल्या. सर मला गाडीपर्यंत सोडायला आले. मी त्यांना खूश करायला म्हटलं, "सर, बघा, निर्णय तुमचा बरोबरच होता."

"बरोबर होता गं," सर म्हणाले. डोळे अजून लालच होते. "नुसता तेवढाच बरोबर होता. बाकी सगळी वर्षं चुकली."

मी गाडीचं दार उघडलं. आणि तेवढ्यात आतून आबांची हाक आली, "दाजी! ताट वाढलंय, गार व्हतंय!" सर "आलो, आलो!" म्हणत चक्क पळाले. गुडघे गेलेला माणूस, पायरीसुद्धा धरून चढणारा, तो अंगणातून पळत गेला आणि चपला दारात कशाही उडवून आत शिरला. पुढं थंडीत सर अचानक गेले तेव्हा मी गावात नव्हते, त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर अजून येतात ते सर हेच. त्या दिवशी मी गाडी सुरू केली तर आतून मोठमोठ्यानं भांडण ऐकू आलं. मी दचकून कान दिला. पहिला घास कुणी घ्यायचा यावरून दोघं भांडत होते. आबा म्हणत होते, दाजी पाव्हणं, सर म्हणत होते, आबा थोरले, आणि काकू दोघांच्या वरताण ओरडत होत्या, "आवं, गिळा आता दोघंबी!"